आधी बोलावणे, मग गर्दी : महिला बास्केटबॉलबाबत मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव, क्रीडा समितीचे निमंत्रक आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

या हंगामात इथल्या, अमेरिकेतील आपल्या राज्य विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाचा एक सामना पाहण्यासाठी आपल्या मराठी मंडळातर्फे सामूहिक तिकिटे काढायची, बस करायची आणि मुलांना मंडळाचे टी-शर्ट द्यायचे, असे आपण ठरवले आहे. त्याच बैठकीत महिला संघाचा सामना पाहण्याचा प्रस्ताव ‘प्रतिसाद मिळणार नाही’ एवढ्या एका वाक्यावर निकाली निघाला, असे इतिवृत्तावरून दिसते. तो प्रस्ताव मी मांडला होता आणि तो फेटाळण्याचा अधिकार कार्यकारिणीला आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. फेटाळताना दिलेले कारण मात्र मला मान्य नाही. वर्गणी सर्व सभासदांची आहे आणि ज्या मुलींशी या निर्णयाचा संबंध आहे त्या सर्वांच्या घरातल्या आहेत, म्हणून हे पत्र मी सर्वांना वाचता येईल असे खुले लिहीत आहे.

या विषयाशी माझे नाते जुने आहे. पुण्यात शिकत असताना मी महाविद्यालयाच्या संघातून खेळत असे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मुलांचे सामने संध्याकाळी दिवे लावून होत आणि कोर्टाच्या कडेला उभे राहायला जागा मिळत नसे. आमचे सामने सकाळी लवकर, मुलांच्या सरावाआधी उरकले जात. त्या वेळी पाहायला कोण येणार? राखीव खेळाडू, एखादी मैत्रीण आणि गुण लिहिणारे सर. आमच्या खेळाला प्रेक्षक नाहीत असे तेव्हा सगळे म्हणत आणि आम्हीही ते खरे मानत होतो. आज माझी मुलगी इथल्या शाळेच्या संघात खेळते. मंडळातल्या आणखी कितीतरी मुली शाळेतून किंवा रिक्रिएशन लीगमधून खेळतात, हे आपल्याला शनिवारच्या मराठी शाळेत सकाळी उशिरा आणि घामेजून येणाऱ्या मुलींकडे पाहूनही कळेल. त्यांनी तीच समजूत घेऊन मोठे व्हावे, हे मला सहन होत नाही.

माझा पहिला आक्षेप प्रतिसादाच्या पुराव्यावर आहे. दोन हंगामांपूर्वी महिलांच्या सामन्याचा एक प्रयत्न झाला होता आणि फारसे कोणी आले नाही, असे बैठकीत सांगण्यात आले. तो प्रयत्न कसा झाला होता, तेही इतिवृत्तात यायला हवे होते. सामना गुरुवारी संध्याकाळी होता, दुसऱ्या दिवशी मुलांच्या शाळा होत्या, त्याची ईमेल सामन्याच्या दोन दिवस आधी आली, बस नव्हती आणि तिकिटे ज्याची त्याने काढायची होती, त्यामुळे जे मोजके आले ते चार कोपऱ्यांत विखुरले गेले. पुरुषांच्या सामन्याची घोषणा त्याच वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमात व्यासपीठावरून झाली, सामना शनिवारी दुपारचा निवडला गेला, तिकिटाचा काही भार मंडळाच्या निधीतून उचलला गेला आणि सगळ्यांना एका रांगेत जागा मिळाल्या. दोन्हींची उपस्थिती शेजारी शेजारी मांडून काढलेला निष्कर्ष लोकांच्या आवडीविषयी काही सांगत नाही. आपण कोणाला कसे बोलावले, एवढेच त्यातून कळते.

असे आपणच केले असेही नाही. अमेरिकेतील महिला महाविद्यालयीन बास्केटबॉलचा सगळा इतिहासच या चालीने गेलेला आहे. दोन महाविद्यालयांच्या महिला संघांमधला पहिला सामना ४ एप्रिल १८९६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये स्टॅनफर्ड आणि बर्कली यांच्यात झाला. स्टॅनफर्डने तो २–१ असा जिंकला. त्या दिवशी सभागृह स्त्रियांनी भरलेले होते आणि पुरुषांना आत येण्यास मनाई होती. म्हणजे सुरुवातीला प्रेक्षक आले नाहीत असे झाले नाही, निम्म्या जगाला दारातच अडवले गेले. पुढे कितीतरी दशके मुलींच्या संघांना ना पैसा होता, ना शिष्यवृत्ती, ना दौऱ्यांची सोय. १९७२ मध्ये ‘टायटल नाइन’ हा कायदा आला आणि सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगावरून भेदभाव करण्यास बंदी झाली. एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा १९३९ मध्ये सुरू केली होती, महिलांची स्वतःची स्पर्धा मात्र १९८२ मध्ये. ज्या खेळाला त्रेचाळीस वर्षे उशिरा पंगतीत बसवले, त्याचे पान अजून भरलेले नाही म्हणून त्यालाच बोल लावणे न्यायाचे नाही.

उशीर झाला तो झाला, पण पंगतीत बसवल्यावरही वाढताना हात आखडता राहिला. २०२१ च्या मार्चमध्ये साथीमुळे महिलांची सगळी स्पर्धा सॅन अँटोनिओ परिसरात खेळवली गेली, तेव्हा ओरेगनच्या सेडोना प्रिन्स या खेळाडूने महिलांच्या व्यायामाच्या सोयीचे चित्रीकरण लोकांसमोर ठेवले: वजनांची एक छोटीशी मांडणी, आणि पुरुषांसाठी मात्र संपूर्ण सुसज्ज व्यायामशाळा. त्यानंतर एनसीएएनेच नेमलेल्या कायदेतज्ज्ञांच्या संस्थेने ऑगस्टमध्ये अहवाल दिला. व्यायामाची साधने ही त्यातली वरवरची गोष्ट होती. ‘मार्च मॅडनेस’ हे सगळ्या देशाच्या तोंडी असलेले नाव तोवर फक्त पुरुषांच्या स्पर्धेसाठी वापरले जात होते. महिलांना ते २०२२ पासून मिळाले. प्रक्षेपणाचे हक्क विकताना पुरुषांच्या स्पर्धेचा स्वतंत्र करार होत असे आणि महिलांची स्पर्धा इतर अनेक खेळांच्या गाठोड्यात बांधून दिली जात असे. ती वेगळी विकली तर २०२५ पासून वर्षाला ८ कोटी १० लाख ते ११ कोटी २० लाख डॉलर मिळू शकतील, असा त्या अहवालाचा अंदाज होता. जानेवारी २०२४ मध्ये झालेला नवा करारही पुन्हा गाठोड्याचाच आहे: चाळीस स्पर्धांसाठी आठ वर्षांचे ९२ कोटी डॉलर, आणि त्यात महिला बास्केटबॉलचे मोल वर्षाला सुमारे साडेसहा कोटी डॉलर धरलेले. पुरुषांच्या स्पर्धेत संघ जितके सामने खेळेल त्या प्रमाणात त्याच्या कॉन्फरन्सला, म्हणजे आपापसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाला, पैसे मिळण्याची पद्धत १९९१ पासून आहे. महिलांसाठी ती सुरू व्हायला २०२५ साल उजाडले. ज्या विद्यापीठाला महिला संघ जिंकल्याने एक डॉलरही मिळत नव्हता, ते त्या सामन्याच्या जाहिरातीवर खर्च कशाला करील?

जिथे कोणी तरी मनापासून बोलावले तिथे काय झाले, हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण माझ्या प्रस्तावाचा सगळा भर त्यावर आहे.

आयोवा विद्यापीठाचे नाव काढले की त्याच्या महिला संघातून खेळलेल्या केटलिन क्लार्कचे नाव येते, आणि ते योग्यच आहे. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी आयोवा सिटीतल्या किनिक या फुटबॉल मैदानात, उघड्या आकाशाखाली, आयोवा आणि डीपॉल यांच्यातला प्रदर्शनी सामना पाहायला ५५,६४६ लोक आले. महिला बास्केटबॉलच्या सामन्याला एवढे प्रेक्षक त्याआधी कधीच आले नव्हते. आधीचा उच्चांक २००२ च्या अंतिम सामन्याचा, २९,६१९ चा होता. त्या हंगामात आयोवाच्या घरच्या सगळ्या सामन्यांची तिकिटे संपली, आणि संघ दुसऱ्यांच्या गावी गेला तिथेही सभागृहे भरली. आपल्या शहरात तो संघ आला तेव्हा तिकीट मिळेल का म्हणून मला मंडळातल्या किती जणांचे फोन आले, ते त्यांना आठवत असेलच.

परंतु क्लार्कने ती गर्दी शून्यातून उभी केली, असे म्हणणाऱ्यांनी आयोवाचा इतिहास पाहावा. शाळकरी मुलींच्या खेळासाठी त्या राज्यात १९२५ पासून स्वतंत्र संघटना आहे. तिथल्या मुली एका संघात सहा जणी असा बास्केटबॉल १९९३ पर्यंत खेळत होत्या: तिघी फक्त बास्केट करणार, तिघी फक्त बचाव करणार, आणि मधली रेषा कोणी ओलांडायची नाही. राज्य स्पर्धा आली की छोट्या छोट्या गावांतली माणसे दे मॉइन या राजधानीला लोटत, मोठे सभागृह भरून जाई आणि सामने दूरचित्रवाणीवर दाखवले जात. डेनिस लाँग ही तिथलीच शाळकरी खेळाडू इतकी गाजली, की १९६९ मध्ये एनबीए या पुरुषांच्या व्यावसायिक लीगमधील सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्स संघाने खेळाडू निवडताना तिचे नाव पुकारले. मग ३ फेब्रुवारी १९८५ रोजी, प्रशिक्षक व्हिव्हियन स्ट्रिंगर यांच्या काळात, आयोवा आणि ओहायो स्टेट यांच्या महिला संघांचा सामना पाहायला २२,१५७ माणसे आली. त्या सभागृहात तेव्हा साधारण साडेपंधरा हजार लोक मावत. क्लार्कचा जन्म व्हायला त्या दिवशी जवळजवळ सतरा वर्षे बाकी होती. मुलींचा सामना कुटुंबासह पाहायला जाण्याची सवय तिथल्या आजोबा-आजींना लागलेली होती, आणि अशा सवयीच्या गावात एक असामान्य खेळाडू उभी राहिली, तेव्हा तिला पाहायला काय लोटले ते आपण पाहिले.

साउथ कॅरोलायना विद्यापीठाची गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते, कारण तिथे अशी पूर्वपुण्याई नव्हती. डॉन स्टॅली २००८ मध्ये प्रशिक्षक म्हणून आल्या तेव्हा त्या अठरा हजार क्षमतेच्या सभागृहाच्या खुर्च्या बहुतांश रिकाम्या असत. २०१४–१५ च्या हंगामात तो संघ महिलांच्या सामन्यांच्या सरासरी उपस्थितीत देशात पहिला आला आणि नंतर जवळजवळ दशकभर पहिला राहिला. २०१७, २०२२ आणि २०२४ ही विजेतेपदे पाहिली तर पहिले स्थान पहिल्या विजेतेपदाच्या आधीचे आहे, हे ध्यानात येईल. त्याच विद्यापीठाचा पुरुष संघ त्याच सभागृहात खेळतो आणि अनेक हंगामांत त्याच्या सामन्यांना महिलांच्या सामन्यांपेक्षा कमी लोक आले आहेत. टेनेसीत प्रशिक्षक पॅट समिट यांनी हेच आधीच्या पिढीत करून दाखवले होते. जानेवारी २००६ मध्ये टेनेसी आणि कनेटिकट यांच्या सामन्याला २४,६५३ प्रेक्षक होते. तीन राज्ये, तीन वेगळ्या पिढ्या, आणि तिन्ही ठिकाणी हा खेळ दुय्यम नाही असे आधी ठरवणारे कोणी तरी होते.

माझा दुसरा आक्षेप आकडे वाचण्याच्या पद्धतीवर आहे. देशभराची सरासरी काढली तर पुरुषांच्या सामन्यांना प्रेक्षक बरेच जास्त असतात, हे मी नाकारत नाही. पण उपस्थिती म्हणजे आवड असे समीकरण मांडताना खुर्च्या किती होत्या, हेही पाहावे लागते. २०२४ मध्ये महिलांचा अंतिम सामना क्लीव्हलंडच्या सभागृहात झाला आणि १८,३०० लोकांनी तो भरला. पुरुषांचा अंतिम सामना ॲरिझोनात ग्लेंडेलच्या फुटबॉल स्टेडियममध्ये झाला, तिथे ७४ हजारांवर लोक होते. केवळ उपस्थिती मोजली तर पुरुष चौपट पुढे. घरी बसून पाहणाऱ्यांची सरासरी मात्र महिलांच्या सामन्याला १ कोटी ८९ लाख आणि पुरुषांच्या सामन्याला १ कोटी ४८ लाख होती. असे त्याआधी कधी घडले नव्हते. महिलांचा सामना सर्वांना दिसणाऱ्या वाहिनीवर होता आणि पुरुषांचा केबलवर, हा फरक मी लपवत नाही. उलट माझे म्हणणे त्यातूनच पुढे जाते: दिसेल अशा जागी ठेवले की लोक पाहतात.

क्लार्क महाविद्यालयातून गेल्यावर आकडे उतरले, हा युक्तिवादही आपल्यापैकी एकांनी माझ्याशी बोलताना केला होता. ते खरे आहे. २०२५ मध्ये कनेटिकटने साउथ कॅरोलायनाला ८२–५९ असे हरवले, तो अंतिम सामना सरासरी सुमारे ८५ लाख लोकांनी पाहिला, तर पुरुषांचा १ कोटी ८१ लाखांनी. तरीही ८५ लाख हा आकडा महिलांच्या अंतिम सामन्यांच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या आकड्यांपैकी एक आहे. एक तारा उगवला की लोक येतात आणि मावळला की काही परत जातात, हे पुरुषांच्या खेळातही घडते. तेव्हा मात्र पुरुषांचे बास्केटबॉल कोणी पाहत नाही, असा ठराव कोणी मांडत नाही.

तिसरा आक्षेप थोडक्यात सांगते. बैठकीत कोणी तरी म्हणाले की मुलांना महिलांचा सामना संथ वाटेल, त्यात डंक, म्हणजे उंच उडी मारून चेंडू वरून थेट बास्केटमध्ये घालणे, दिसत नाहीत. कोणाला काय आवडावे यावर मी वाद घालणार नाही. पण ज्या सामन्याला मुले कधी गेलीच नाहीत, तो त्यांना आवडणार नाही हे त्यांच्या वतीने आपण ठरवले, आणि ‘मुलांना’ म्हणताना मंडळातल्या मुलींना विचारले नाही. पासची साखळी कशी बांधतात, उंची कमी असताना बचाव कसा करतात, झोन, म्हणजे प्रत्येकीने आपापली जागा राखून केलेला बचाव, मोडायला चेंडू कुठे टाकतात, हे माझी मुलगी पुरुषांच्या सामन्यातून शिकते तितकेच, किंबहुना अधिक, महिलांच्या सामन्यातून शिकते, कारण तिथे तिच्यासारख्याच शरीराने केलेला खेळ तिला दिसतो. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी बास्केटबॉलमध्ये भारताच्या महिला संघाचे नेतृत्व केले आहे. हे नाव आपल्या किती मुलींनी ऐकले आहे, आणि ऐकले नसेल तर ते कानावर घालण्याचे काम मराठी मंडळाने नाही तर कोणी करायचे?

२ नोव्हेंबर २०२५ च्या रविवारी आपण सगळे पहाटे उठून सभागृहात जमलो होतो. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा सांगलीच्या स्मृती मानधनासाठी टाळ्या वाजवणाऱ्यांत आपल्या कार्यकारिणीतले सगळे होते. प्रतिसाद मिळेल का, असा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नव्हता. मंडळाने पडदा लावला, चहा-पोह्यांची सोय केली, आठवडाभर आधी निरोप दिले, आणि खुर्च्या कमी पडल्या. तेच आयोजक, तेच सभासद, तेच सभागृह. म्हणून आपल्याला हे जमत नाही, असे मला कोणी सांगू नये.

आता माझ्या मागण्या. यंदाच्या हंगामात, फेब्रुवारी संपण्याआधी, महिला संघाचा घरचा एक सामना मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत घ्यावा. तो शनिवारी किंवा रविवारी दुपारचा निवडावा. वेळापत्रकात असे सामने आहेत, मी यादी सचिवांकडे दिली आहे. पुरुषांच्या सामन्यासाठी निधीतून दर माणशी जितकी सवलत दिली जाते तितकीच इथेही द्यावी आणि बसही करावी. महिलांच्या सामन्याची सामूहिक तिकिटे आपल्या विद्यापीठात पुष्कळ स्वस्त आहेत, त्यामुळे मंडळाचा एकूण खर्च कमीच येईल. सूचना किमान चार आठवडे आधी द्यावी, वार्तापत्रात दोन्ही संघांचे वेळापत्रक शेजारी शेजारी छापावे आणि टी-शर्ट दोन्ही दिवशी चालतील असे एकच करावेत. पुढच्या हंगामापासून दोन्ही सामने दरवर्षी, समान पद्धतीने ठेवावेत आणि तीन हंगाम होईपर्यंत उपस्थितीवरून कोणताही निष्कर्ष काढू नये. सवय लागायला तेवढा अवधी लागतोच.

मंडळाने विद्यापीठाच्या क्रीडा विभागालाही एक पत्र लिहावे, अशी माझी आणखी एक मागणी आहे. महिलांच्या सामन्याच्या दिवशी वरच्या मजल्याच्या बसण्याच्या जागा पडदे ओढून बंद ठेवल्या जातात, खाण्याचे निम्मे गाळे उघडत नाहीत आणि शहरात लागलेल्या फलकांवर केवळ पुरुष संघ असतो. इतक्या कुटुंबांच्या संस्थेने सामूहिक तिकिटे मागतानाच या गोष्टींची विचारणा केली, तर तिची दखल घ्यावी लागेल. एकट्या प्रेक्षकाच्या ईमेलला आजवर साधे उत्तरही आलेले नाही. त्या पत्राचा मसुदा तयार करण्याची जबाबदारी मी घेते.

निर्णय घेण्यापूर्वी सभासदांना एकदा विचारावे, ही शेवटची मागणी. कोण कोणत्या सामन्याला येईल, घरात किती मुले-मुली आहेत, कोणती वेळ सोयीची, एवढे तीन प्रश्न पुरेत. उत्तरे काहीही येवोत, ती वार्तापत्रात जशीच्या तशी छापावीत. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, अशी लेखी विनंती मी या पत्रासोबत सचिवांकडे पाठवली आहे आणि तिच्यावर आणखी काही सभासदांच्या सह्या आहेत. बस आणि तिकिटांचे काम करायला आम्ही सगळे तयार आहोत. सामूहिक तिकिटांसाठी जागा सामन्याच्या तीन आठवडे आधी राखाव्या लागतात, तेव्हा उत्तर त्यापूर्वी मिळावे.

आपली नम्र,
मंडळाची एक आजीव सभासद